अर्ध्या गुंठ्याचा वाद

मराठी मासिकांना वादांचें वावडें कधींच नव्हतें. कला कलेसाठीं कीं जीवनासाठीं, या एका प्रश्नावर जेवढी शाई खर्च झाली तेवढींत एखाद्या टंचाईच्या गांवाचा उन्हाळा निघाला असता. आणि अनुस्वार ठेवावा कीं काढावा, यावरून विद्वानांनीं एकमेकांशीं बोलणें सोडल्याच्या कथा आमच्या पिढीनेंही ऐकिल्या आहेत. या वादांना आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु ज्या वादांनीं मराठवाड्यांतील शेतकऱ्याच्या हातीं पडणारा पैसा ठरविला आणि दरिद्री कोणास म्हणावें याचें माप घालून दिलें, ते वाद मराठी माणसांनीं हिरीरीनें लढविलेले असूनही मराठी वाङ्मयाच्या अंगणांत आले नाहींत, याचें आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटतें. हे वाद संख्याशास्त्रज्ञांचे होत. त्यांपैकीं दोहोंचा परामर्श येथें घ्यावयाचा आहे. ते जुने झाले हें खरें. पण त्यांचे निकाल जुने झालेले नाहींत. दर हंगामास ते आमच्या जिल्ह्यांतून नव्यानें लागत असतात.

पहिला वाद एका चौकोनाचा. पैठण, वैजापूर किंवा कन्नड तालुक्यांतील एखाद्या शेतांत पीक काढणीस आलें म्हणजे सरकारी खात्याचा एक कर्मचारी, कधीं तलाठी, कधीं ग्रामसेवक, कधीं कृषि सहायक, तेथें जातो. कोणतें शेत घ्यावयाचें हें त्यानें ठरवावयाचें नसतें. तें आंकड्यांच्या तक्त्यावरून, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखें, आधींच ठरलेलें असतें. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून इतकीं पावलें लांबीकडे, इतकीं रुंदीकडे, हीही चिठ्ठीच. त्या ठिकाणीं खुंट्या ठोकून दोरीनें दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद असा चौकोन आंखतात, आंतलें पीक कापतात, मळतात आणि तोलतात. बहुतेक पिकांना हाच चौकोन. याला पीककापणी प्रयोग असें भारदस्त नांव आहे. हे दहा आणि पांच आले कोठून? मेट्रिक मापें देशांत येण्यापूर्वीं हा चौकोन तेहतीस फूट लांब व साडेसोळा फूट रुंद होता. तेहतीस फुटांचा समचौरस म्हणजे एक गुंठा, हें आमच्याकडील कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक असतें. तेव्हां हा चौकोन बरोबर अर्धा गुंठा, एकराचा ऐंशींवा भाग. अर्ध्या गुंठ्याचा पुढें अर्धा आर झाला, इतकाच काय तो फरक. आणि या साध्या मापाच्या मागें कलकत्ता, लंडन व अमेरिका येथील नियतकालिकांत गाजलेला एक कलह आहे.

उभ्या पिकाचा अंदाज बांधावा कसा, हा प्रश्न राज्यकर्त्यांना फार जुना. ज्या खडकीचें पुढें औरंगाबाद व आतां छत्रपति संभाजीनगर झालें, तिच्या संस्थापकानें, मलिक अंबरानें, जमिनीची प्रत व सालोसालचें पीक पाहून धारा बसविला असा त्याचा लौकिक आहे. पुढील काळांत हें काम आणेवारीवर आलें. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. यंदाचे आणे किती, तें बांधावर उभें राहून ठरवावयाचें. आणेवारीची पैसेवारी झाली, पन्नास पैशांची रेघ आली, तरी पहिल्या अंदाजास अद्याप 'नजर' पैसेवारीच म्हणतात. तें नांव प्रामाणिक आहे. नजर कोणाची यावर पैसे अवलंबून असतात.

नजरेच्या जागीं चिठ्ठी आणण्याचा आरंभ हबक नांवाच्या एका मुलकी अधिकाऱ्यानें १९२३ ते १९२५ या सालांत बिहार-ओरिसांतील भाताच्या शेतांत केला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं बंगाल्यांत हीच वाट रुंद केली. त्यांनीं स्वतः तयार केलेलीं माणसें गांवोगांव हिंडत, आणि शेतांत दोन फूट, चार फूट व पांच फूट आठ इंच अशा त्रिज्यांचीं एकांत एक वर्तुळें आंखून पीक कापीत. वर्तुळ लहान म्हणून वेळ थोडा. वेळ थोडा म्हणून ठिकाणें पुष्कळ. ठिकाणें पुष्कळ म्हणून सरासरी भरंवशाची, असा हा हिशेब होता, आणि कागदावर त्यांत खोट काढतां येत नाहीं.

खोट काढली ती पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले हे गृहस्थ फर्ग्युसन कॉलेजांतून लंडनास गेले, तेथें संख्याशास्त्राच्या त्या वेळच्या धुरीणांच्या सहवासांत पदव्या घेऊन परतले, आणि १९४० पासून दिल्लीच्या कृषि-संशोधन परिषदेंत काम करूं लागले. विनायक गोविंद पानसे यांच्यासह त्यांनीं कापणीची जी रीत बसविली तिचा पहिला प्रपंच वऱ्हाडांतल्या कापसावर झाला. १९४६ सालीं लंडनच्या 'नेचर' पत्रांत सुखात्म्यांचें एक लहानसें टिपण आलें. मुरादाबादकडील गव्हाच्या शेतांत त्यांनीं एकाच पिकाचे लहानमोठे तुकडे कापून पाहिले होते. तुकडा जितका लहान, तितकें दर एकरीं उत्पन्न फुगून येतें. आणि ही फुगवटी नशिबाची नसून हाताची आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हाताची म्हणजे काय, हें वाचकांनीं स्वतःच पडताळून पाहावें. त्रैराशिकापलीकडचें कांहीं लागत नाहीं. दोरीच्या नेमक्या रेषेवर जें ताट उभें असतें, तें आंत धरावें कीं बाहेर? विळा हातांत असलेला माणूस तें आंत ओढतो. त्यांत लबाडी नाहीं. हातीं आलेलें कणीस टाकवत नाहीं इतकेंच. समजा, चोहों बाजूंनीं एकेक इंच असा जास्त कापला गेला. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळांत या एका इंचानें शेकडा साडेआठ पीक अधिक येतें. दोन इंच गेले तर शेकडा सतरा. तोच एक इंच अर्ध्या गुंठ्याच्या चौकोनाभोंवतीं गेला, तर वाढ शेकडा दीड. याचें कारण उघड आहे: लहान आकृतींत पोटाच्या मानानें कांठ फार. आणि ही चूक ठिकाणें वाढवून जिरत नाहीं. दैवानें घडणाऱ्या चुका एकीकडे अधिक तर दुसरीकडे उणें अशा होऊन परस्परांस खाऊन टाकतात. ही चूक मात्र सदैव एकाच अंगास झुकलेली असते, म्हणून हजार वर्तुळें कापलीं तर ती हजारदां होते, आणि सरासरी मोठ्या आत्मविश्वासानें चुकते.

महालनोबिसांचें उत्तर असें कीं, माणसें शिकविलेलीं असलीं व साधन चोख असलें म्हणजे कांठाचा दोष आटोक्यांत राहतो. एकांत एक वर्तुळें कापण्याचा हेतूच तो दोष कोणत्या मापाशीं थांबतो हें पाहण्याचा. हें उत्तर लंगडें नव्हे. परंतु सुखात्म्यांपुढें प्रश्न निराळा होता. सबंध हिंदुस्थानच्या लाखों खेड्यांत दर सालीं कापणी करावयास शिकविलेली पलटण आणावयाची कोठून? जो तलाठी तेथें आहे, त्याच्याच हातून काम घ्यावयाचें तर माप असें हवें कीं, त्याच्या हाताचा स्वभाव त्यांत बुडून जावा. म्हणजे वाद चौकोन कीं वर्तुळ असा दिसला, तरी विश्वास मापावर ठेवावा कीं माणसावर, असा तो होता. आमच्या मतें सुखात्म्यांचा पक्ष सरस ठरला, आणि तो ज्ञानाइतकाच व्यवहारानें ठरला. राज्यांनीं अर्धा गुंठा उचलला. महालनोबिसांची परंपरा राष्ट्रीय नमुना पाहणींतून कांहीं वर्षें स्वतंत्रपणें चालली, एकाच देशाच्या धान्याचे दोन आंकडे प्रसिद्ध होऊं लागले, आणि १९७० च्या सुमारास दुसरा आंकडा बंद झाला.

येथें आम्हांस थांबून एक तक्रार नोंदवावयाची आहे. महालनोबिसांचें वर्तुळ टाकलें तें योग्य झालें. पण वर्तुळासरशी त्यांची त्याहून मोलाची एक कल्पनाही पीककापणींतून गेली. ती जुळ्या नमुन्यांची. एकाच प्रदेशांतून दोन स्वतंत्र नमुने काढावे, ते दोन स्वतंत्र टोळ्यांच्या हातीं द्यावे, आणि दोहोंच्या सरासऱ्या शेजारीं शेजारीं छापाव्या. त्या जवळ आल्या तर बरें. न आल्या तर निदान किती भरंवसा ठेवावा हें वाचणाऱ्यास कळतें. पंडितानें स्वतःच्या आंकड्यावर स्वतःच पहारा बसवावा, अशी ही योजना आहे, आणि संख्याशास्त्रानें जगाला दिलेल्या सभ्यतेच्या धड्यांत आम्ही तिची गणना करतों. १९७३-७४ पासून पिकांच्या आंकड्यांवर केंद्राची एक तपासणी योजना चालू झाली; परंतु मोजक्या प्रयोगांवर देखरेख निराळी आणि दुसरा नमुना निराळा.

आतां दुसरा वाद. चौकोनांतून सरासरी मिळाली. ती लावावयाची कोणास? या प्रश्नावर झुंजलेले दोघेही मराठी आणि दोघांचाही आखाडा पुण्याचा. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं १९७१ च्या आरंभीं भारतांतील दारिद्र्यावर जो निबंध लिहिला त्यानें 'दारिद्र्याची रेघ' हा विषय घरोघर नेला. माणशी दररोज सरासरी २२५० उष्मांक मिळण्यास १९६०-६१ च्या भावांनीं खेड्यांत महिना पंधरा रुपये व शहरांत साडेबावीस रुपये खर्च पडतो, आणि तेवढाही खर्च ज्यांना झेपत नाहीं असे लोक खेड्यांत शेकडा चाळीस व शहरांत शेकडा पन्नासांच्या घरांत आहेत, असा त्यांचा हिशेब. सुमारें वीस वर्षें रोमच्या जागतिक अन्न-संघटनेंत काढून सुखात्मे त्याच वेळीं पुण्यास परतत होते. त्यांनीं हरकत घेतली: सरासरी गरज ही प्रत्येकाची गरज कशी?

हरकत बिनतोड होती. समजा, एखाद्या गांवांत प्रत्येकास त्याच्या गरजेइतकेंच नेमकें अन्न मिळतें. भुकेला कोणीच नाहीं. तरीही सरासरीची रेघ ओढली कीं निम्मा गांव रेघेखालीं सांपडेल, कारण सरासरीचा स्वभावच तो. सुखात्मे येथें थांबते तर त्यांच्याशीं कोणाचें भांडण नव्हतें. ते पुढें गेले. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, शरीर आपला खर्च आवरतें-पसरतें, म्हणून सरासरीपासून या पसाऱ्याच्या दुप्पट खालीं जावें आणि तेथें रेघ ओढावी, असें त्यांचें म्हणणें. आंकडे आमचे, रीत त्यांची: २२५० ची सरासरी आणि पसारा शेकडा पंधरा धरला, तर रेघ १५७५ वर येते. रेघ इतकी खालीं येतांच कोट्यवधि माणसें भुकेल्यांच्या यादींतून बाहेर पडतात, आणि त्यांच्या ताटांत दाणा एकही वाढलेला नसतो.

१९८२ सालीं मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्यें दांडेकरांनीं या रेघेवर हल्ला चढविला, आणि सुखात्म्यांनीं त्यास उत्तर दिलें. तीं पानें आम्हीं पुन्हां वाचून काढलीं. लेखक म्हणून पाहतां दोघांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. दांडेकरांचें वाक्य आंखूड, सरळ आणि बोंचरें. प्रतिपक्षाची व्याख्या त्याच्याच हातांतून काढून घेऊन ती त्याच्यावर उलटविण्यांत त्यांचा हात धरणारा विरळा. सुखात्म्यांचें लिखाण जड, सूत्रांनीं लादलेलें. तेंच विधान ते चार ठिकाणीं चार तऱ्हांनीं करतात, आणि शेवटीं नेमकें कोणतें विधान सिद्ध झालें हें वाचकास शोधावें लागतें. पण शैलीवरून निकाल देणें हा टीकाकाराचा आळस होय, म्हणून मुद्द्याकडे वळूं.

ज्याच्या गरजेंत चढउतार होतो त्याचें ताट एखादे दिवशीं उणें असलें तर चिंता नाहीं, कारण उद्यां तें भरतें. पण मजुराचें ताट चढतउतरत नाहीं. तें खालच्या पायरीवरच खिळलेलें असतें. त्याचें शरीर तेवढ्यांत भागवितें खरें, परंतु कशाच्या मोलावर? मूल खुजें राहतें, काम उरकत नाहीं. हा आक्षेप दांडेकरांनीं व आहारशास्त्रांतील गोपालन यांच्यासारख्यांनीं निरनिराळ्या शब्दांत घेतला, आणि आमच्या मतें त्यास पुरेसें उत्तर मिळालें नाहीं. सुखात्म्यांच्या या सिद्धांताचा आधार पाहावा तर इंग्रज सैन्यांतील कांहीं रंगरुटांच्या खाण्याच्या नोंदी आणि थोड्या निरोगी तरुणांवरील प्रयोग. ज्या शास्त्रज्ञानें दोन फुटांच्या वर्तुळावर एकराचा भार टाकूं दिला नाहीं, त्यानेंच पोटभर जेवणाऱ्या मूठभर माणसांवर देशाच्या उपासमारीचा भार टाकला! बुद्धि तीच, करडेपण तेंच. फक्त या वेळीं कांठावरचें कणीस आपण आंत ओढीत आहों हें त्या हाताला जाणवलें नाहीं.

दांडेकरांचा जय झाला असें म्हणून हा प्रश्न आम्ही येथेंच मिटविला असता, परंतु आम्ही राहतों मराठवाड्यांत. दांडेकरांच्या सरासरीशीं आमचा संबंध निबंधांतला नाहीं. १९८३ सालीं राज्य सरकारनें नेमलेल्या प्रादेशिक असमतोलाच्या सत्यशोधन समितीचे ते अध्यक्ष होते. प्रत्येक बाबतींत राज्याची सरासरी काढावयाची, जो जिल्हा तिच्याखालीं त्याची तूट मोजावयाची, आणि त्या तुटीला अनुशेष म्हणावयाचें, ही रीत त्यांचीच. १९८४ च्या अहवालांत एकूण अनुशेष ३१८६ कोटींच्या वर निघाला व मराठवाड्याचा त्यांतील वांटा शेकडा साडेतेविसांच्या आसपास. त्याविषयीं इकडे पुष्कळ लिहून झालें आहे, म्हणून अधिक लिहीत नाहीं. सरासरी जिल्ह्याची धरली कीं जिल्ह्याच्या पोटांतला कोरडा तालुका दिसेनासा होतो, एवढें मात्र सांगावेंसें वाटतें.

याच रीतीचें खरें उग्र रूप पीकविम्यांत दिसतें. एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीचा पंचनामा करून विमा चालवितां येणार नाहीं. हवापाणी सारखें असलेला प्रदेश घ्यावा, त्याचें सरासरी उत्पन्न उतरलें तर त्यांतील सर्वांना सारख्या प्रमाणांत भरपाई द्यावी, ही योजना दांडेकरांनीं १९७६ सालीं मांडली. १९७९ मध्यें ती करून पाहण्यांत आली. १९८५ ची, १९९९ ची व २०१६ ची अशा तिन्ही सरकारी योजनांचा कणा तीच आहे. दांडेकरांची कारणें भक्कम होतीं: शेतागणिक मागील उत्पन्नाची नोंद नाहीं, आणि स्वतःचें नुकसान स्वतःच सांगावयाचें तर विम्याची तिजोरी पहिल्याच सालीं रिकामी. पण ज्या गृहस्थानें भुकेच्या वादांत एकेका माणसाला हिशेबाच्या पसाऱ्यांत बुडूं दिलें नाहीं, त्यानें विम्याच्या वादांत त्याला मंडळाच्या सरासरींत बुडविलें, हेंही दिसल्यावांचून राहत नाहीं. नदीकांठचें माझें रान वाहून गेलें आणि माळावरील तुझें सोयाबीन तरलें, तर मंडळ सुखरूप!

महाराष्ट्रांत २०२३ सालीं शेतकऱ्याला एका रुपयांत विमा मिळूं लागला. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत गेली, स्थानिक आपत्तीची निराळी भरपाईही गेली, आणि सारी भिस्त मंडळाच्या उत्पन्नावर, म्हणजे मुख्यतः पीककापणीवर आली. त्याच सालच्या सप्टेंबरांत मराठवाड्यावर अतिवृष्टि कोसळली. म्हणजे सुखात्म्यांचा चौकोन आणि दांडेकरांचा प्रदेश यांची सांगड अशी बसली कीं, त्यांच्यामध्यें तिसरें कांहीं उरलें नाहीं. आतां थोडें गणित. केंद्राच्या नियमांप्रमाणें मंडळामागें निदान दहा प्रयोग. शेताशेतांतील उत्पन्नाचा पसारा शेकडा चाळीस धरला, आणि जेथें एका बांधावर विहीर व दुसऱ्यावर खडक तेथें तो अतिशय नव्हे, तर दहा चौकोनांच्या सरासरींत नुसत्या दैवयोगानें शेकडा साडेबारांची चूक सहज संभवते. उंबरठा उत्पन्न दहा क्विंटल आणि विम्याची रक्कम पन्नास हजार समजा. मंडळाचें खरें उत्पन्न आठ क्विंटल असेल तर भरपाई दहा हजार. चिठ्ठ्यांनीं थोडीं बरीं शेतें निघालीं आणि आंकडा नऊ आला, तर पांच हजार. सात आला तर पंधरा. सहा मंडळांतील एका मंडळांत भरपाई निम्म्यावर किंवा त्याहून खालीं यावी, इतका हा दैवाचा भाग आहे. आणि यांत अजून कोणी कांहीं वाईट केलेलें नाहीं.

वाईट करण्याची संधि आतां आहे, हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. १९४६ सालीं चौकोनाच्या कांठावरच्या ताटाला किंमत नव्हती. ओढली तर संवयीनें, सोडली तर दुर्लक्षानें. आज त्या ताटाला रुपये लागलेले आहेत. उत्पन्न कमी निघावें असें गांवाला वाटणार, अधिक निघावें असें कंपनीला वाटणार. कापणीच्या वेळीं कंपनीचा प्रतिनिधि उभा राहूं शकतो, गांव तर उभें असतेंच. आणि दोहोंच्या मध्यें हातांत दोरी घेतलेला कृषि सहायक. अर्ध्या गुंठ्याचें माप निर्हेतुक हाताच्या दोषावर उतारा म्हणून निघालें. हेतूच्या दोषावर तें औषध नव्हे. पाव एकर कापला तरी होणार नाहीं. त्यावरचें औषध महालनोबिसांच्या वर्तुळासरशी टाकून दिलें, म्हणूनच आम्हीं वर तक्रार नोंदविली.

हें सर्व कोणी सांगावयाचें? 'संख्या' हें महालनोबिसांनीं १९३३ सालीं काढलेलें नियतकालिक आणि 'अर्थविज्ञान' हें पुण्याच्या गोखले संस्थेचें, दोहोंचीं नांवें शुद्ध संस्कृत आणि अंतरंग शुद्ध इंग्रजी. विद्वानांनीं जगाशीं इंग्रजींत बोलावें, आम्हीही आयुष्यभर इंग्रजींतूनच शिकविलें. पण तलाठ्याच्या दोरीशीं निगडित वाद दोरीच्या भाषेंत एकदां तरी यावयास हवा होता. जो थोडा आला तो परिभाषेच्या पोशाखांत. चिठ्ठी टाकून केलेल्या निवडीला आमचे कोशकार 'यादृच्छिक' म्हणतात. यदृच्छा म्हणतांच सामान्य वाचकाच्या मनांत 'मनाला येईल तसें' हा अर्थ उभा राहतो, आणि या निवडीचें सारें मर्म तर ती कोणाच्याही मनाला येऊं नये यांत आहे! साहेबांनीं यादृच्छिक शेत निवडलें असें वाचून शेतकऱ्यास संशय आला, तर दोष शेतकऱ्याचा नव्हे. कांठावरचें कणीस आंत ओढण्याच्या खोडीला 'अभिनति' म्हटल्यावर ती खोड राहतच नाहीं, एखादा अलंकार वाटूं लागतो. 'चिठ्ठी', 'कल', 'पसारा' हे शब्द घरांत असतां बाहेरून उसने आणण्याचें कारण काय, हें आम्हांस कोणी समजावून द्यावें.

त्या पिढीचे वाद छापील होते, हें मात्र तिच्या लौकिकास भूषण आहे. महालनोबिस, सुखात्मे, दांडेकर हे तिघेही सरकारच्या निकट वावरलेले. तरी एकाच्या आंकड्याची चूक दुसऱ्यानें सहीनिशीं काढावी आणि पहिल्यानें सहीनिशीं उत्तर द्यावें, यांत कोणास वावगें वाटलें नाहीं. अलीकडे वादापूर्वींच आंकडा नाहींसा होतो. रोजगाराचा अहवाल प्रसिद्ध होत नाहीं म्हणून जानेवारी २०१९ मध्यें राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सभासदांनीं राजीनामे दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस २०१७-१८ च्या कुटुंबखर्च पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध करावयाचे नाहींत असें सरकारनें जाहीर केलें. २०२१ ची जनगणना त्या सालीं झालीच नाहीं. सुखात्म्यांचें चुकलें असें आम्ही आज म्हणूं शकतों, कारण त्यांनीं काय केलें तें त्यांनीं छापलें.

म्हणून आमची मागणी लहान आहे. मंडळांतले दहा प्रयोग पांच-पांचांच्या दोन नमुन्यांत वांटावे. पांच एका खात्याच्या माणसांनीं कापावे, पांच दुसऱ्या, त्या तालुक्याशीं संबंध नसलेल्या माणसांनीं. खर्च फारसा वाढत नाहीं, चौकोन तोच राहतो. दोन्ही सरासऱ्या निरनिराळ्या सांगाव्या, आणि त्यांच्या खालीं दहाही चौकोनांचीं वजनें गांवच्या चावडीवर लावावीं. तीं वजनें प्रयोगाच्या नमुन्यांत लिहिलेलीं असतातच. त्यांना भिंतीवर यावयास एक कागद आणि चार टांचण्या लागतील.